आज धुराला वास कसा आहे

उर्ते, ती मिठाची बरणी खाली काढ.
जपून. तळाशी एक तृणमणी आहे,
कबुतराच्या अंड्याएवढा, आत एक माशी,
आणि माशीच्या पाठीमागे, उजेडात धरलंस तर,
अन्सास.

घाबरू नकोस. जीव ठेवायला त्याला
पोलादी पेटी सुचली होती, सात कुलपांची.
मी म्हटलं, कुलूप दिसलं की चोर येतो.
मिठात कोण हात घालतं?

तू विचारतेस, एवढ्या जादूगाराला दुसरं काही सुचलं नाही का,
की असं हाडांवर कोट अडकवून फिरावं?
मीही विचारलं होतं. तेव्हा त्याला अजून ओठ होते.
टेकडी चर्चच्या दारापर्यंत आली होती.
तुला ठाऊक आहे आपली टेकडी:
रात्री चालते, पाऊल वाजत नाही,
सकाळी कुणाच्या तरी उंबऱ्यावर बसलेली असते.
तिला थोपवायचा मंत्र रोज म्हणावा लागतो,
वारा सुटल्यापासून वारा पडेपर्यंत.
त्या वर्षी खोकल्याने त्याच्या दोन ओळी चुकल्या,
आणि क्रिझासचं घर गेलं, भट्टीसकट, मांजरासकट.

म्हणाला, रक्त पिऊन जगता येतं, बार्बे.
पण गावात माणसं एकशे बारा.
हिशेब केला मी. आधी गाव संपतं, मग मी.

म्हणाला, तारुण्याचं औषध आहे,
दर वसंतात एका करकोच्याचं काळीज.
नऊ वर्षं पुरतील. नंतर
छपरांवर रिकामी घरटी, आणि पोरं विचारणार.

दुसऱ्याच्या देहात शिरता येतं,
हे तो बोलला नाही. पण मी पाहिलं होतं त्याला
एन्द्रियुसकडे बघताना, जाळं ओढणाऱ्या त्या खांद्यांकडे,
बाजारात बैल बघावा तसं.
मग मान खाली घालून घरी गेला
आणि आठवडाभर बाहेर आला नाही.

देवाकडे मागून पाहा, मी म्हटलं.
देव देतो, तो म्हणाला, पण अटी नंतर सांगतो.

मेल्यावर उरणं तेवढं फुकट आहे, बार्बे.
पाव नको, पांघरूण नको, कुणाची उसनवारी नको.
मला जगायचं नाही गं. मला वेळ हवाय.

खरं वाटलं मला. निम्मं अजून वाटतं.
उरलेलं निम्मं हे, की साठीचा तो माणूस
दिवा लावल्याशिवाय झोपत नसे,
आणि तेल संपलं की माझ्या दारावर टकटक करी.
मरणाला भिणाऱ्याने गाव वाचवू नये
असं थोडंच आहे?

हिवाळ्यात झालं ते. मी दार धरून उभी होते.
काय दिसलं ते सांगणार नाही.
सकाळी त्याच्यापुढे धुरावलेला वाम ठेवला.
त्याने तुकडा उचलला, नाकाशी नेला,
बराच वेळ धरला,
आणि परत ठेवला.

त्याला चाळीस वर्षं झाली.
टेकडी चर्चच्या दारातच आहे. दार पुरतं उघडत नाही,
आपण अंग चोरून आत जातो.

आणि रोज संध्याकाळी, वारा सुटायच्या आधी,
तो या खोपटाशी येतो,
लाकडावर लाकूड आपटावं तशी पावलं,
उंबऱ्याबाहेर थांबतो, विचारतो,
बार्बे, आज धुराला वास कसा आहे?
मी सांगते. ओल्या आल्डरचा. जरासा जुनिपर.
वाम चरबट आहे, थेंब निखाऱ्यावर पडला की गोडसर.
सर्दी असली की ठोकून देते काहीतरी.
एकदा म्हटलं, तुझ्या आईच्या एप्रनसारखा.
त्या रात्री वारा सुटला तरी तो उभाच होता,
आणि सकाळी आपल्या विहिरीत वाळू.

कुणाचं काही घ्यायचं नव्हतं त्याला.

माझे गुडघे गेले, उर्ते. मलाही विचारलं त्याने.
दुसरा तृणमणी आहे म्हणाला, रिकामा.
मी म्हटलं, आणि मग वास कोण घेणार?

बरणी वर ठेव. मीठ काठोकाठ भर.
आता इथे ये, भट्टीशी बस,
हे झाकण उचल.
नाही, डोळे मिटून.
सांग.